दस्तक आणि परवानगी

आमच्या भवानीनगरात आमच्या घरास लागूनच एक वयोवृद्ध गृहस्थ राहतात. २०२४ च्या उन्हाळ्यात त्यांचे सहस्रचंद्रदर्शन झाले. ते येथे नव्हे, तर अमेरिकेत न्यू जर्सी येथे त्यांच्या चिरंजीवांच्या घरी. त्यासाठी हे वृद्ध दांपत्य मुंबईच्या खेपा घालून, बोटांचे ठसे व मुलाखत देऊन, महिनोन्महिने वाट पाहून व्हिसा मिळवून तेथे गेले होते. लंडनास राहणारी त्यांची कन्या, जावई व दोन नातवंडे तेथेच यावयाची होती. ही मंडळी इंग्लंडचे नागरिक असल्याने त्यांस अमेरिकेचा व्हिसा लागत नाही. तेव्हा काळजी होती ती म्हाताऱ्यांची. तरुणांची कोणासच नव्हती.

घडले ते उलट. ज्यांस व्हिसा लागतो ती म्हातारी माणसे ठरल्या दिवशी पोचली, आणि ज्यांस लागत नाही ती लंडनच्या विमानतळावरून परत घरी गेली. व्हिसा न लागणाऱ्या प्रवाशानेही अमेरिकेस निघण्यापूर्वी ऑनलाइन परवानगी काढावी लागते. आई, बाप व थोरला मुलगा यांच्या परवानग्या वर्षापूर्वीच काढलेल्या होत्या व त्या दोन वर्षे चालतात. परंतु मधल्या काळात घरात एक कन्यारत्न जन्मास आले होते, आणि आईच्या मांडीवर बसून जाणाऱ्या तान्ह्या मुलासही स्वतंत्र परवानगी लागते, ही गोष्ट कोणाच्या ध्यानी आली नव्हती. विमानकंपनीच्या कारकुनाने पडद्याकडे पाहून मान हलविली. तेथल्या तेथे मोबाइलवरून अर्ज केला. पण उत्तर यावयाच्या आत विमान सुटले. पुढे दोन दिवस जागा मिळेना. आजोबांस एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळले, तेव्हा लेक आणि नातवंडे पडद्यावरून पाहत होती.

परत आल्यावर एके संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून त्यांनी आम्हांस विचारले, "अहो प्रोफेसर, आम्हांला व्हिसा लागतो, आम्ही गेलो. त्यांना लागत नाही, ती अडली. मग त्यांना अडविले तरी कोणी?"

प्रश्न साधा, पण आम्हांस चटकन उत्तर देता येईना. कारकुनाने अडविले म्हणावे, तर तो अमेरिकन सरकारचा नोकर नव्हे. परवानगीवाचून माणूस नेला तर कंपनीस दंड होतो, म्हणून तो पाहतो, इतकेच. अमेरिकेच्या अधिकाऱ्याने अडविले म्हणावे, तर त्याची आणि त्या मुलीची गाठच पडली नाही. तो अटलांटिकच्या पलीकडे. वेस होती, अडवणूक होती, परंतु वेसकर कोठेच नव्हता. वाटेवर चालणाऱ्याने कोणाचा तरी कागद जवळ बाळगावा, ही रीत फार जुनी आहे. त्या कागदाचा इतिहास थोडा चाळून पाहिला, तर या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर सापडते की काय, हे पाहण्याचा आमचा विचार आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मुद्राध्यक्ष नावाचा एक अधिकारी सांगितला आहे. त्याने एक माषक घेऊन मुद्रा द्यावी, आणि जवळ मुद्रा असेल त्यानेच जनपदात यावे अथवा जनपदातून जावे, असा तेथे नियम आहे. मुद्रेवाचून फिरणाऱ्या स्वदेशीयास बारा पण दंड. खोटी मुद्रा बाळगणाऱ्यास त्याहून जबर. आणि तो परदेशी असला तर सर्वांत जबर. इथवर वाचले म्हणजे आजचेच काही वाचतो आहोत असे वाटते: फी आहे, दंड आहे, परक्याविषयी अधिक संशयही आहे. परंतु त्याच प्रकरणात पुढे जे येते, ते आज कोठे दिसत नाही. मुद्रा तपासावयाचे काम विवीताध्यक्षाकडे, म्हणजे कुरणे व ओसाड टापू यांच्या अधिकाऱ्याकडे आहे. आणि चोर व श्वापदे यांपासून वाटा निर्भय ठेवणे, जेथे पाणी नाही तेथे विहिरी व बंधारे करणे, हीही त्याचीच कर्तव्ये सांगितली आहेत. म्हणजे जो हात प्रवाशाचा कागद पाहणार, त्याच हाताने त्याला पाणी द्यावयाचे. कागद मागण्याचा अधिकार आणि वाट सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी ही दोन्ही एकाच गाठीत बांधलेली होती.

मराठ्यांच्या राज्यात या कागदास दस्तक म्हणत. जुन्या दप्तरांत दस्तके पाहण्याचा ज्यांस योग आला असेल, त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली असेल की, दस्तक प्रवाशाच्या हाती असे, पण ते प्रवाशास उद्देशून लिहिलेले नसे. ते लिहिलेले असे वाटेवरच्या ठाणेदारांस, चौकीदारांस व जकातदारांस. अमुक इसम अमुक ठिकाणी जात आहे, त्यास येता-जाता मुजाहीम न होणे, अशी त्याची धाटणी. 'मुजाहीम न होणे' म्हणजे अडथळा न करणे. सरकारची आज्ञा झाली ती सरकारच्याच माणसांस. प्रवासी तिचा लाभार्थी. हा कागद दाखविल्यावरही कोणी अडविले, तर अपराध अडविणाराचा होई. दस्तकाने बांधले जाई ते सरकार. जाणारा मोकळा होई.

या कागदाचे मोल शिवछत्रपतींनी जेवढे ओळखले तेवढे क्वचितच कोणी ओळखले असेल. १६६६ साली आग्र्यास ते नजरकैदेत पडले, तेव्हा पहिली काळजी त्यांनी घेतली ती बरोबरच्या लोकांची. आपल्या माणसांस दक्षिणेत परत जाऊ द्यावे अशी मागणी त्यांनी केली, आणि बादशहाने ती मोठ्या संतोषाने मान्य केली. कारण शत्रूचे बळ आपोआप घटत आहे असे त्यास दिसले. दस्तके मिळाली, आणि बादशहाच्याच शिक्क्याखाली महाराजांचे लोक बादशहाच्याच चौक्यांवरून सुखरूप निघून गेले. ऑगस्टात महाराज स्वतः निसटले, तेव्हा ओलीस पडावीत अशी माणसे मागे फार थोडी होती. बादशहाचा शब्द बादशहाच्या चौकीदारास बांधतो, या एका गोष्टीवर तो डाव उभा होता.

समुद्रावरची कथा अशी सुखाची नाही. पोर्तुगीज हिंदी महासागरात आले आणि सोळाव्या शतकाच्या आरंभापासूनच त्यांनी कार्ताझ नावाचा परवाना सुरू केला. १५१० साली गोवे हाती आल्यावर तर या परवान्याचे राज्यच झाले. जहाज कोणाचे, तांडेल कोण, माल कोणता, कोठे जावयाचे, हे सारे त्यात लिहिलेले. तो नसला तर जहाज लुटावे, बुडवावे अथवा धरून न्यावे. अकबरासारख्या बादशहाच्या जहाजांसही मक्केस जाण्यासाठी हा परवाना घ्यावा लागे. या कागदांवर मेरी व येशू यांची चित्रे असत, आणि चित्रांकित कागद बाळगून यात्रेस जाण्यापेक्षा यात्रेचे कर्तव्यच माफ समजावे, असा निर्णय दरबारच्या एका धर्मशास्त्र्याने दिल्याचे बदाऊनीने नमूद करून ठेवले आहे. ज्या समुद्रावर आजवर कोणी धनी नव्हता, त्यावर एकाने आपण होऊन वेस घातली, आणि मग वेशीतून जाऊ देण्याचे उपकार तो विकू लागला.

पुढे कान्होजी आंग्र्यांनी कोकणच्या दर्यावर आपली दस्तके चालू केली, तेव्हा मुंबईचे इंग्रज त्यांस चाचा म्हणू लागले. वास्तविक परवाने इंग्रजही देत होते, पोर्तुगीजही देत होते. १७२१ साली या दोघांनी मिळून कुलाब्यावर चाल केली आणि ती फसली. दस्तक देणारा सरकार की लुटारू, हे तो कोणत्या बाजूने पाहावयाचे यावर ठरत होते. तथापि कान्होजींच्या बाजूने एवढे म्हणता येते की, ज्या किनाऱ्याचे रक्षण ते करीत होते, त्याच किनाऱ्याच्या पाण्यावर ते हक्क सांगत होते. परक्यांविषयी सावध असणे हा राज्याचा धर्मच आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही टोपीकरांच्या बाबतीत हाच सल्ला आहे: व्यापारास येऊ-जाऊ द्यावे, पण समुद्रकाठी ठाणे बांधू देऊ नये. तेव्हा कोण येतो व कशास येतो हे विचारण्याचा राज्याचा अधिकार आम्ही नाकारीत नाही. प्रश्न आहे तो विचारण्याच्या रीतीचा.

आता एकोणिसाव्या शतकाकडे वळू. १८८३ च्या एप्रिलात अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून जहाजात बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कास उतरल्या. वैद्यकी शिकावयास चाललेल्या या मुलीस अमेरिकन सरकारचा व्हिसा लागला नाही. तशी पद्धतच त्या काळी नव्हती. त्यांना परवानगी मागावी लागली ती समाजाची. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या कॉलेजात उभे राहून आपण का जातो याचे जाहीर निवेदन त्यांना करावे लागले. त्यांची वेस न्यूयॉर्कच्या धक्क्यावर नव्हती. ती घराच्या उंबरठ्यावर होती. हा उंबरठा लक्षात ठेवावा अशी वाचकांस विनंती आहे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

पहिल्या महायुद्धाने हे मोकळे जग संपविले. हिंदुस्थानात युद्धकाळच्या नियमांनी पासपोर्ट सक्तीचा झाला, व १९२० साली त्याचा कायमचा कायदा झाला. त्याच वर्षी पॅरिस येथे राष्ट्रसंघाच्या विद्यमाने परिषद भरली आणि पासपोर्टाचे पुस्तक कसे असावे हे ठरले. ही युद्धाची पीडा आहे, ओसरेल, अशी आशा जमलेल्या मंडळींस होती. ती ओसरली नाही. मात्र पासपोर्टाने दस्तकाची जुनी खूण सोडलेली नाही. आपल्या भारतीय पासपोर्टाच्या आरंभी जो मजकूर छापलेला असतो, तो पाहावा. राष्ट्रपतींच्या नावाने सर्व संबंधितांस विनंती केली आहे की, या इसमास अडथळा न करता जाऊ द्यावे, आणि लागेल ते साहाय्य व संरक्षण द्यावे. 'मुजाहीम न होणे' हेच ते. भाषा बदलली, भाव राहिला. आपले सरकार जगातल्या चौकीदारांस आपल्या माणसाविषयी शब्द टाकीत आहे.

परंतु याच इंग्रजी अमदानीत दुसऱ्या जातीचाही एक कागद आपल्या भूमीत रुजला, आणि त्याच्याकडे डोळेझाक करून हा इतिहास पुरा व्हावयाचा नाही. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला व १९११ च्या कायद्याने त्याचा अंमल मुंबई इलाख्यात आला. पारधी, कैकाडी, भामटे अशा जमातींच्या नोंदल्या गेलेल्या माणसास गाव सोडून जावयाचे तर आधी पास काढावा लागे, ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, आणि पासावाचून दुसऱ्या गावी सापडणे हाच गुन्हा होई. सोलापुरास तर तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. पण आमच्या इंदापूर-बारामतीकडच्या पारध्यांच्या पाठीवरून त्याची छाया अजून पुरती गेलेली नाही. हा पासही कागदच होता, त्यावरही सरकारी शिक्काच होता. पण त्याचे तोंड उलट दिशेस होते. दस्तक चौकीदारास सांगे, 'यास अडवू नका.' हा पास त्या माणसास सांगे, 'तुझ्यावर आमचा विश्वास नाही. म्हणून पाऊल टाकण्यापूर्वी विचार.' त्याने काही केलेले नसे; तो कोण म्हणून जन्मला एवढेच पुरे होते.

वाटेच्या कागदाची ही दोन कुळे झाली. पहिल्या कुळात सरकार स्वतःस बांधून घेते. दुसऱ्या कुळात प्रवाशास बांधते. आता आमच्या शेजाऱ्यांच्या नातीस जी परवानगी लागली ती कोणत्या कुळातली, हे पाहू.

व्हिसा माफ, पण आगाऊ नोंद हवी, ही रीत प्रथम ऑस्ट्रेलियाने १९९६ साली चालू केली. अमेरिकेने काही मित्रराष्ट्रांच्या नागरिकांस १९८६ च्या कायद्याने व्हिसा माफ केला होता. २००१ च्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर तिला ही माफी सैल वाटू लागली, आणि २००७ च्या कायद्यान्वये 'एस्टा' ही ऑनलाइन परवानगी आली. १२ जानेवारी २००९ पासून ती सक्तीची झाली. आरंभी ती फुकट होती. २०१० पासून १४ डॉलर, पुढे २१ आणि २०२५ च्या सप्टेंबरअखेरपासून ४० डॉलर अशी तिची फी चढत गेली. कॅनडाने २०१६ साली हीच वाट धरली. इंग्लंडने २०२२ च्या कायद्याचा आधार घेऊन २०२३ च्या नोव्हेंबरात कतारच्या नागरिकांपासून आरंभ केला, ८ जानेवारी २०२५ पासून अमेरिकन व इतर युरोपेतर लोकांस आणि २ एप्रिल २०२५ पासून युरोपीयांस ती लागू केली. फी १० पौंडांची १६ झाली तीही त्याच एप्रिलात. युरोपच्या संघाने आपला कायदा २०१८ सालीच केला. त्याचा अंमल मात्र वर्षामागून वर्ष पुढे गेला. आम्हां भारतीयांस या बहुतेक देशांचा पुरा व्हिसाच लागतो, त्यामुळे हा व्याप आमच्या वाट्यास श्रीलंकेसारख्या ठिकाणीच काय तो येतो. त्या देशाने २०१२ च्या आरंभापासून अशी परवानगी ठेवली. आपले सरकारही यात मागे नाही. २७ नोव्हेंबर २०१४ रोजी ४३ देशांच्या प्रवाशांसाठी आपण अशीच ऑनलाइन सोय काढली व पुढील वर्षी तिचे नाव ई-पर्यटक व्हिसा असे केले.

या परवानगीचे गुण आम्ही प्रथम सांगतो. ती स्वस्त आहे. बहुतेकांस काही मिनिटांत मिळते. कचेरीच्या दारात रांग नाही, हाताखाली काही सारावे लागत नाही. ज्या माणसाने आमच्याप्रमाणे व्हिसाच्या कागदांची चळत काखेत मारून मुंबईच्या उन्हात ताटकळत वेळ काढला आहे, त्यास हा प्रकार चैनीचाच वाटेल. जुन्या वेशीवर माणूस होता म्हणून ती वेस दयाळू होती, असेही आम्हांस म्हणावयाचे नाही. तो वेसकर लाच खाई, माणसाची जात विचारी, आणि विचारून कित्येकांस गावाबाहेरच बसवी. यंत्र निदान जात विचारीत नाही. राष्ट्र मात्र विचारते.

हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट उरते. ही परवानगी मिळाली म्हणजे प्रवेश मिळाला असे नाही. अमेरिका असो की इंग्लंड, दोघेही स्पष्ट सांगतात की, या परवानगीने तुम्हांस आमच्या दारापर्यंत येता येईल. आत घ्यावयाचे की नाही ते दारावरचा अधिकारी ठरवील. म्हणजे देणाराने काहीच दिले नाही, आणि घेणाराने मात्र नाव, गाव, पासपोर्ट, प्रसंगी आपला भूतकाळही दिला. दुसरे असे की, ती नाकारली तर तिच्यावर दाद नाही. फार तर मग व्हिसासाठी अर्ज करा, असे उत्तर मिळते. आणि तिसरी गोष्ट, जी आमच्या शेजाऱ्यांस बाधली: ही वेस आता राज्याच्या सीमेवर राहिलेली नाही. ती परक्या शहराच्या विमानतळावर आली, कंपनीच्या खिडकीवर आली, आणि तेथूनही सरकत प्रवाशाच्या घरात, त्याच्या हातातल्या मोबाइलमध्ये येऊन बसली. आनंदीबाईंच्या काळी जी वेस समाजाने उंबरठ्यावर घातली होती, तेथेच आता राज्ये आपली वेस आणून ठेवीत आहेत. फरक एवढाच की, समाजापुढे आनंदीबाईंस उभे राहून बोलता तरी आले.

हा फरक केवढा मोठा आहे, हे आम्ही या गावात प्रत्यक्ष पाहिले आहे. २०२० च्या उन्हाळ्यात करोनाच्या साथीमुळे एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाण्यास ई-पास लागू लागला. आमचा पुणे जिल्हा नीरेच्या काठाशी संपतो. पलीकडे सोलापूर आणि सातारा. इकडच्यांची शेते तिकडे, तिकडच्यांच्या लेकी इकडे. नीरा ही सीमा आहे हे तोवर आमच्या लोकांस नकाशातच ठाऊक होते. एप्रिलच्या मध्यास ऊसतोडणी कामगारांस गावी जाऊ देण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्यांची तपासणी करून, टोळीवार याद्या करून त्यांस धाडावयाचे ठरले. आषाढीची पायी वारीही त्या वर्षी झाली नाही. तुकोबांच्या पादुका ३० जून रोजी एस. टी. च्या गाडीतून पंढरीस गेल्या, आणि आमच्या रस्त्याच्या कडेला रांगोळी काढून उभे राहावयाचे त्या वर्षी कोणास कारण उरले नाही. साथ भयंकर होती. निर्बंध अनाठायी होते असे आम्ही म्हणत नाही. २ सप्टेंबर २०२० पासून हा पास उठला. २०२१ च्या एप्रिलात काही काळ पुन्हा आला आणि गेला.

त्या दिवसांत आमच्या परिचयाच्या एका घरी नीरेपलीकडची मावशी वारल्याचा निरोप आला. भाच्याने पासासाठी अर्ज केला, मंजुरी येईना. अखेर तो तसाच मोटारसायकल घेऊन पुलाशी गेला. नाक्यावरच्या शिपायाने मोबाइलमधली अर्जाची नोंद पाहिली, मग भाच्याच्या तोंडाकडे पाहिले, आणि म्हणाला, "जा, पण दिवस मावळायच्या आत माघारी या." मंजुरी दुसऱ्या दिवशी आली, तोवर रक्षा सावडून झाली होती. नियमाच्या दृष्टीने शिपायाचे चुकलेच असेल. परंतु अंत्यविधीस माणूस पोचला, तो शिपायाला तोंड दिसत होते म्हणून. लंडनच्या कारकुनास त्या तान्ह्या मुलीचे तोंड दिसत नव्हते काय? दिसत होते. पण दिसून उपयोग नव्हता; पाहण्याचे काम त्याचे आणि ठरविण्याचे दुसऱ्याचे, आणि तो दुसरा तेथे नव्हता.

आपल्या देशात कायद्याने या बाबतीत एक मोठे पाऊल टाकलेले आहे. १९६७ साली सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी असा निर्णय दिला की, परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. सरकारने मर्जीने पासपोर्ट द्यावा वा न द्यावा हे चालणार नाही. त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला, आणि नकार दिल्यास कारण लेखी द्यावे, नकारावर अपील असावे, हे त्यात आले. १९७८ साली मनेका गांधींच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले: ज्याचा पासपोर्ट अडकवावयाचा, त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. कारण सांगणे, म्हणणे ऐकणे व वर दाद मागू देणे या तीन गोष्टी म्हणजे दस्तकाच्या जुन्या न्यायाचे आजच्या भाषेतले रूपच होय. मात्र त्या मिळाल्या आहेत आपल्या देशातून बाहेर पडणाऱ्या नागरिकास. परक्याच्या दारात जाणाऱ्यास, मग ते दार अमेरिकेचे असो, इंग्लंडचे असो की आपले असो, त्या अजून मिळालेल्या नाहीत.

त्या मिळाव्यात, एवढेच आमचे मागणे आहे. राज्याने वेस राखावी. तो त्याचा हक्क. परंतु जो वाटेचा कागद मागतो, त्याने कौटिल्याच्या विवीताध्यक्षाप्रमाणे वाटेची काही जबाबदारीही उचलली पाहिजे. घेतलेल्या नोंदीच्या बदल्यात एक शब्द दिला पाहिजे. नकार दिला तर कारण दिले पाहिजे. आणि अडल्या वेळी ज्याच्याशी बोलता येईल, ज्यास तोंड दाखविता येईल, असा एक तरी माणूस वेशीवर उभा ठेवला पाहिजे. जन्मास येऊन चार महिने झालेल्या मुलीविषयी राज्यास संशय नसेल, हे आम्हांस ठाऊक आहे. पण संशय नसताना संशयिताची रीत चालू राहते, तेव्हा ती रीत हळूहळू सर्वांची होते. पारध्याच्या पासावरून आपल्यास एवढे शिकता आले पाहिजे.

आमच्या शेजाऱ्यांस आम्ही हा सारा इतिहास पुढे एकदा सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाले, "म्हणजे अडविले कोणीच नाही, असेच ना?" आम्ही होय म्हणालो. ते थोडा वेळ रस्त्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "कोणी अडविले असते तर बरे झाले असते. त्याला सांगितले असते, आजोबा एक्क्याऐंशीचे आहेत म्हणून."